सद्हेतूची परीक्षा : मुलांच्या वर्तनदोषांविषयीच्या संशोधनाची प्रस्तावना

ज्या मुलाबद्दल शाळेतून दर पंधरवड्याला बोलावणे येते, ज्याच्या नावाने चाळीत कुरकुर चालते आणि ज्याला मिसरूड फुटण्यापूर्वीच पोलिस चौकीची वाट ठाऊक होते, त्या मुलाविषयी आपल्यापैकी प्रत्येकाजवळ एखादे ठाम मत तयार असते. कोणी आईबापांच्या लाडांना बोल लावतो, कोणी बापाच्या व्यसनाला, कोणी दारिद्र्याला, कोणी वाईट संगतीला. आणि ज्याचे जसे निदान तसा त्याचा उपाय, म्हणून एकाला छडी हवी असते, दुसऱ्याला वसतिगृहाची शिस्त, तिसऱ्याला मायेचा शब्द. ही मते अनुभवातून आलेली असतात व त्यांत सत्याचा अंशही असतो. परंतु अनुभव एका माणसाचा असतो, निवडक असतो, आणि सुधारलेले मूल आपल्या उपायाने सुधारले की त्या उपायावाचूनही सुधारले असते, या प्रश्नाचे उत्तर तो देऊ शकत नाही. गेल्या सुमारे नव्वद वर्षांत ज्या संशोधकांनी मुलांच्या वर्तनदोषांचा उगम आणि प्रतिबंध यांचा अभ्यास केला, त्यांतील श्रेष्ठांनी हा प्रश्न स्वतःला विचारला व उत्तर हाती येईपर्यंत तीस-तीस वर्षे वाट पाहिली. त्यांच्या कार्याची ओळख मराठी वाचकाला, विशेषतः शिक्षक, पालक आणि बालकल्याणाच्या कामात आयुष्य घालवणारी मंडळी यांना व्हावी, एवढा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

या कथेचा आरंभ बोस्टन शहरात एका वैद्यापासून करणे मला न्याय्य वाटते. रिचर्ड क्लार्क कॅबट हे हार्वर्ड विद्यापीठात वैद्यकाचे व पुढे सामाजिक नीतिशास्त्राचेही अध्यापक होते. रुग्णाचा आजार त्याच्या घरादारापासून, रोजगारापासून तोडून समजत नाही अशी त्यांची धारणा असल्यामुळे १९०५ साली त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात समाजसेवेचे काम सुरू केले. परंतु त्यांच्या स्वभावाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. १९१२ साली त्यांनी ३,००० शवविच्छेदनांच्या आधारे, रुग्ण जिवंत असताना डॉक्टरांनी केलेली निदाने कितपत खरी ठरली याचा हिशोब प्रसिद्ध केला आणि तो स्वतःच्या व्यवसायबंधूंना रुचणारा नव्हता. ज्या माणसाने वैद्यांच्या आत्मविश्वासाची अशी झडती घेतली, त्याने समाजसेवकांनाही तीच कसोटी लावावी हे ओघाने आले. १९३१ साली समाजकार्याच्या राष्ट्रीय परिषदेच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी कार्यकर्त्यांना आवाहन केले की, निष्ठा, ग्वाही आणि निवडक उदाहरणे यांपलीकडच्या कशावर तरी आधारून आपल्या कामाच्या फळाचे मोजमाप करा. तीनच वर्षांनी शेल्डन व एलिनॉर ग्लूक या दांपत्याने बोस्टनच्या बालन्यायालयातून गेलेल्या १,००० मुलांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे ८८ टक्के मुलांनी पुढच्या पाच वर्षांत पुन्हा गुन्हे केले होते. न्यायालय, सल्ला आणि सुधारगृह या सर्व यंत्रणेचे फलित हे असेल, तर न्यायालयाच्या पायरीपाशी येण्याच्या कितीतरी आधी, मूल आठ-दहा वर्षांचे असतानाच, त्याच्या पाठीशी एक स्नेहशील व स्थिर प्रौढ माणूस उभा केला तर काय होईल, हे पाहण्याचे कॅबट यांनी ठरवले.

बोस्टनलगतच्या केंब्रिज व सॉमरव्हिल या दाट वस्तीच्या कामगार-गावांतून मुलांची नावे मागवण्यात आली. शिक्षकांनी, पोलिसांनी आणि कल्याणसंस्थांनी व्रात्य म्हणून नावाजलेली मुले सुचवली. पण योजनेत आलेल्या मुलावर 'वाईट' असा शिक्का बसू नये म्हणून साधी, सालस मुलेही मुद्दाम घेतली. नंतर प्रत्येक मुलाचे घर, वय, बुद्धी, शरीर, स्वभाव, वस्ती अशा तपशिलांची छाननी करून त्याच्याशी शक्य तितका जुळणारा दुसरा मुलगा शोधण्यात आला. अशा जोड्या लागल्यावर समितीने नाणे उडवले. छापा की काटा एवढ्यावर दोघांपैकी एक मुलगा योजनेत आला आणि दुसरा आपल्या नेहमीच्या आयुष्यात राहिला. १९३९च्या मे महिन्यात कॅबट निवर्तले आणि जून महिन्यात प्रत्यक्ष काम सुरू झाले. पुढे युद्ध आले, समुपदेशक सैन्यात भरती होऊ लागले, कामाचा बोजा पेलेना, म्हणून काही मुले वगळावी लागली. अखेरच्या हिशोबात २५३ जोड्या, म्हणजे ५०६ मुले, उरली. सरासरीने साडेपाच वर्षे प्रत्येक मुलाला ही सोबत लाभली आणि १९४५च्या अखेरीस योजना संपली.

सोबत म्हणजे काय, हे जवळून पाहण्यासारखे आहे. महिन्यातून साधारण दोनदा समुपदेशक मुलाच्या घरी जाई. तो आईशी बोले, घरातल्या अडचणींत लक्ष घाली, मुलाला खेळायला व सहलींना घेऊन जाई. निम्म्याहून अधिक मुलांना अभ्यासाची शिकवणी मिळाली, शंभरावर मुलांना वैद्यकीय किंवा मानसोपचाराची मदत मिळाली, चौथा हिस्सा मुलांना उन्हाळी शिबिरांना धाडले गेले, आणि बहुतेकांचा बालवीर पथकांशी व तत्सम मंडळांशी संबंध जोडून देण्यात आला. प्रत्येक भेटीनंतर समुपदेशक तिची हकीकत सांगून टिपून घेववी. घरात कोण होते, काय बोलणे झाले, बाप प्यायलेला होता की नव्हता, मुलगा आईकडे कसा पाहत होता, अशा या नोंदी होत्या. त्यांतून एकेका कुटुंबाचे जे दप्तर तयार झाले, त्याच्या तोडीचे बालजीवनाचे दप्तर त्या काळात अन्यत्र क्वचितच असेल. आजचा कोणताही सहृदय कार्यकर्ता असे काम पाहून म्हणेल की, याहून अधिक काय करायचे राहिले?

एडविन पॉवर्स व हेलन विटमर यांचा अहवाल १९५१ साली निघाला. दोन्ही गटांतील मुलांच्या गुन्ह्यांत लक्षात घेण्याजोगा फरक त्यात आढळला नाही. तेव्हा पुष्कळांनी आशा बाळगली की बीज पेरले आहे, उगवायला वेळ लागेल. जोन मकॉर्ड या संशोधिकेने ती आशा प्रमाण मानली नाही व मोडीतही काढली नाही; तिने १९७५च्या सुमारास त्या मुलांचा, आता चाळिशी-पन्नाशीच्या घरात आलेल्या पुरुषांचा, शोध घ्यायला सुरुवात केली. न्यायालयांची, रुग्णालयांची, मृत्यूनोंदणीची कागदपत्रे धुंडाळून तिने सुमारे ९५ टक्के जणांचा ठावठिकाणा लावला. योजनेतील पुरुषांना प्रश्नावली पाठवली तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश जणांनी लिहिले की, त्या योजनेचा आपल्याला लाभ झाला. कोणी म्हणाले, समुपदेशकामुळे आम्ही रस्त्यावरच्या उनाडकीपासून दूर राहिलो. हे पुरुष खरेच बोलत होते, म्हणजे त्यांना तसे मनापासून वाटत होते. आणि तरीही १९७८ साली मकॉर्ड यांनी जे प्रसिद्ध केले ते असे की, नाण्याने ज्यांना मदत दिली त्यांच्यात दुसऱ्यांदा गुन्हा करण्याचे, मद्यासक्तीची लक्षणे दिसण्याचे, गंभीर मानसिक आजाराचे, ताणातून उद्भवणाऱ्या शारीरिक विकारांचे प्रमाण त्यांच्या जोडीदारांपेक्षा अधिक होते. ज्या ज्या बाबतीत दोन गटांत ठळक भेद दिसला, त्या प्रत्येक बाबतीत तो मदत मिळालेल्यांच्या विरुद्ध होता. पुढे २०१९ साली, योजना सुरू झाल्याला ऐंशी वर्षे होत असताना, नव्या संशोधकांनी पुन्हा मृत्यूनोंदी तपासल्या. आयुर्मानाच्या बाबतीत तरी दोन गटांत अंतर उरलेले नाही असे त्यांना आढळले. म्हणजे हानीच्या निष्कर्षालाही मर्यादा आहेत. पण लाभाचा पुरावा कोणत्याही फेरतपासणीत सापडलेला नाही.

या निष्कर्षापाशी वाचकाने घाई करू नये अशी माझी विनंती आहे. 'मायेने काही होत नाही' असा अर्थ त्यातून काढणे चूक आहे. काय बिघडले याचा शोध मकॉर्ड यांनी अनेक वर्षे केला आणि दप्तरातल्या नोंदी उलगडताना एक गोष्ट विशेष उठून दिसली. जी मुले एकाहून अधिक वेळा उन्हाळी शिबिरांना गेली होती, हानीचा मोठा वाटा त्यांच्या ठायी साचला होता. टॉमस डिशियन व फ्रान्स्वा पुलँ यांच्यासह १९९९ साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी या दिशेचा पुरावा एकत्र मांडला: वांड मुले एका ठिकाणी आणली की ती एकमेकांच्या पराक्रमांच्या गोष्टींना हसून, टाळी देऊन प्रोत्साहन देतात, आणि त्या हशाचे बळ समुपदेशकाच्या उपदेशाहून अधिक ठरते. आपल्याकडे संगतगुणाविषयी आजीपासून सर्वच बोलतात, परंतु सुधारणेच्या नावाखाली नेमकी तीच संगत आपण शासकीय खर्चाने उपलब्ध करून देतो, हा विचार फार थोड्यांच्या मनात येतो. याच जातीचे दुसरे उदाहरण न्यू जर्सीतील राहवे तुरुंगाचे. तेथे जन्मठेपेचे कैदी उनाड मुलांसमोर तुरुंगातल्या जीवनाचे भयंकर वर्णन करून त्यांना दरडावीत. १९७८ साली या उपक्रमावर निघालेला माहितीपट फार गाजला व अनेक ठिकाणी त्याचे अनुकरण झाले. जेम्स फिंकनॉर यांनी तुलनागट घेऊन तपासणी केली तेव्हा धाक बसलेल्या मुलांची वर्तणूक धाक न बसलेल्या मुलांहून बरी नव्हती, उलट वाईट होती. आणि नंतर अशा सर्व प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हाही निष्कर्ष हाच आला.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो आपल्या कार्यकर्त्यांकडून हमखास येतो व तो करुणेतून येतो. गरजू मुलाला मदत द्यायची की नाही हे नाणे उडवून ठरवणे क्रूरपणाचे नाही काय? माझे उत्तर असे की, मदतीचा गुण सिद्ध झालेला असेल तर ते क्रूरपणाचेच आहे. परंतु गुण सिद्ध झालेला नसताना तो आहे असे गृहीत धरून हजारो मुलांना त्या उपायाच्या स्वाधीन करणे, आणि त्यांचे पुढे काय झाले याची चौकशीही न करणे, हा त्याहून मोठा अन्याय आहे. नव्या औषधाबाबत आपण ही खबरदारी मागतो. मुलाच्या मनाला लावायचा उपाय त्याच्या शरीराला लावायच्या औषधापेक्षा निरुपद्रवी असतो असे मानण्यास काही आधार नाही, हे केंब्रिज आणि सॉमरव्हिल येथल्या २५३ मुलांनी दाखवून दिले आहे.

प्रतिबंध करायचा तर उगम समजला पाहिजे, आणि त्या बाजूचे संशोधन संख्येने मोठे आहे. त्याचा मी येथे धावता परामर्श घेतो. ग्लूक दांपत्याने १९५० साली ५०० गुन्हेगार व ५०० निरपराध मुलांची जी तुलना छापली, तिच्या मूळ कागदांच्या पेट्या पुढे हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाच्या तळघरात सापडल्या. जॉन लॉब व रॉबर्ट सॅम्पसन यांनी त्यांचा आधार घेऊन त्यांतील काही पुरुषांना सत्तरीत गाठले, तेव्हा असे दिसले की, सारख्याच वाईट बालपणातून निघालेल्या माणसांपैकी कित्येकांना विवाह, नोकरी किंवा लष्करातली चाकरी यांनी सावरले होते. लंडनच्या दक्षिण भागात डोनाल्ड वेस्ट यांनी १९६१ साली आठ-नऊ वर्षांच्या ४११ मुलांचा अभ्यास आरंभला आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी तो पुढे कित्येक दशके चालवला. न्यूझीलंडमधील डनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचे आयुष्य आजतागायत नोंदले जात आहे. त्या अभ्यासाच्या आधारे टेरी मॉफिट यांनी १९९३ साली जे प्रतिपादन केले, ते प्रत्येक माध्यमिक शिक्षकाने जाणून घ्यावे असे आहे. व्रात्यपणा दोन जातींचा असतो: थोड्या मुलांत तो तीन-चार वर्षांच्या वयापासून दिसतो व आयुष्यभर रूप बदलून टिकतो; पुष्कळ मुलांत तो तारुण्याच्या उंबरठ्यावर उपजतो आणि प्रौढपणाच्या जबाबदाऱ्या येताच ओसरतो. चौदाव्या वर्षी दोन्ही मुले एकाच कट्ट्यावर बसलेली असतात व बाहेरून सारखीच दिसतात. दुसऱ्याला पहिल्याची शिक्षा देऊन आपण त्याच्या परतीची वाट बंद करतो.

मॉन्ट्रियलचे रिचर्ड ट्रेंब्ले यांनी दाखवलेली गोष्ट तर रूढ समजुतीला मुळातूनच हलवते. शारीरिक मारकुटेपणा मूल मोठेपणी वाईट संगतीतून शिकते असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात माणूस सर्वाधिक मारतो, चावतो, ढकलतो तो वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, आणि त्यानंतर बहुतेक मुले भाषा, घरची शिस्त व खेळगडी यांच्या साहाय्याने स्वतःला आवरायला शिकतात. ज्यांचे हे शिक्षण अपुरे राहते त्यांचा प्रश्न पुढे पोलिसांकडे जातो. याच ट्रेंब्ले यांनी गरीब वस्त्यांतील शाळांमधून बालवर्गातील दांडगी मुले निवडून, सात ते नऊ वर्षांच्या वयात त्यांच्यासाठी दोन वर्षांचा कार्यक्रम चालवला. आईबापांना घरी जाऊन शिकवले की, मुलाच्या बऱ्या वागण्याची दखल घ्या, नियम थोडे ठेवा पण पाळा, मारू नका. आणि मुलांना समजूतदारपणे वागण्याचे जे धडे दिले ते दांडग्यांची टोळी करून दिले नाहीत, तर त्यांच्याबरोबर शाळेतली मनमिळाऊ मुले बसवून दिले. तुलनागटाच्या मानाने चोविसाव्या वर्षी त्या मुलांत शालान्त शिक्षण पुरे करणारे अधिक निघाले व गुन्ह्याची नोंद असलेले कमी. केंब्रिज-सॉमरव्हिलची शिबिरे आणि मॉन्ट्रियलची ही छोटी वर्तुळे यांतला फरक मला या सबंध शास्त्रातला अत्यंत महत्त्वाचा धडा वाटतो.

आणखी दोन प्रयोग नुसते नमूद करतो. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ४०० गरोदर स्त्रियांपैकी काहींकडे परिचारिका पाठवल्या. त्या बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत येत राहिल्या, आणि ती बाळे पंधरा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात अटकेचे प्रसंग कमी आढळले. मिशिगनमधील इप्सिलँटी येथे १९६२ पासून १२३ गरीब कृष्णवर्णी मुलांपैकी ५८ जणांना उत्तम बालवाडी मिळाली. चाळिसाव्या वर्षापर्यंत पाच किंवा अधिक वेळा अटक झालेल्यांचे प्रमाण त्यांच्यात ३६ टक्के होते, तर बालवाडी न मिळालेल्यांत ५५ टक्के. या दोन्हींत गुन्हेगारीचे नावही कोणी काढले नव्हते. आईचे आरोग्य आणि मुलाचे शिकणे एवढेच डोळ्यांसमोर होते.

आता आपल्याकडे वळू. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८५७ साली सुधारशाळा निघाली. १९२४ साली मुंबई इलाख्याचा बालकांविषयीचा कायदा झाला व १९२७ साली चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन होऊन त्याच्या अंमलबजावणीचा भार तिने उचलला. नागपाड्यात वस्तीकार्य करणारे क्लिफर्ड मॅन्शर्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे. १९३६ साली दोराबजी टाटा समाजकार्य शाळा निघाली तेव्हा तिचे पहिले संचालक तेच झाले, आणि वर्षभरात त्या शाळेने बालमार्गदर्शन केंद्रही उघडले, म्हणजे कॅबट यांची समिती केंब्रिजमध्ये मुलांची नावे गोळा करीत होती त्याच सुमारास. बोर्डी व कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या अंगणात नेलेली बालवाडी हीही, आजच्या दृष्टीने पाहता, प्रतिबंधाचेच काम होते. या सर्वांच्या तळमळीविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे; माझे म्हणणे एवढेच की, त्यांच्या कार्याचे फळ तुलनेने व दीर्घ मुदतीने मोजण्याचे कर्तव्य आपण पुढच्यांनी अंगावर घ्यायला हवे होते. ते अशक्य नाही. गोव्यातील 'संगत' या संस्थेच्या संशोधकांनी बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातील ७४ माध्यमिक शाळांची यदृच्छेने विभागणी करून, काहींत शाळेबाहेरून नेमलेला साधा प्रशिक्षित समुपदेशक, काहींत तेच काम करणारा शाळेतलाच शिक्षक, आणि काहींत नेहमीची व्यवस्था, अशी तुलना केली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार समुपदेशकाच्या शाळांत वातावरण सुधारले, दांडगाई व मारामाऱ्या कमी झाल्या. शिक्षकावर तेच काम सोपवलेल्या शाळांत तसा परिणाम दिसला नाही. कार्यक्रम एकच, पण तो कोणाच्या हातून होतो यावर फळ अवलंबून, ही गोष्ट कोणत्याही शिक्षण खात्याला परिपत्रक काढण्यापूर्वी ठाऊक असली पाहिजे.

अशा अभ्यासाच्या वाटेत आपल्याकडे एक खरी अडचण आहे व ती वाईट हेतूची नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्याने कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलाला नव्याने आयुष्य सुरू करण्याचा हक्क दिला आहे, आणि म्हणून, अत्यंत गंभीर गुन्ह्यांचे काही अपवाद वगळता, त्याच्या दोषसिद्धीचे कागद ठराविक मुदतीनंतर नष्ट करण्याची तरतूद केली आहे. ही तरतूद योग्य आहे. तिला धक्का लावून संशोधन करावे असे मी म्हणणार नाही. त्यामुळे ज्या कोणाला निरीक्षणगृहातल्या किंवा अंगणवाडीतल्या मुलांचे तिशीपर्यंतचे आयुष्य अभ्यासायचे असेल, त्याला सरकारी दप्तरावर विसंबता येणार नाही. त्याला पहिल्या दिवशीच पालकांची व मुलाची संमती घ्यावी लागेल, नावांची यादी एका कुलपात व हकीकतींची बाडे दुसऱ्या कुलपात ठेवावी लागतील, मूल अठरा वर्षांचे झाल्यावर त्याला पुन्हा विचारावे लागेल आणि त्याने नाही म्हटले तर त्याचे बाड काढून त्याच्या हाती द्यावे लागेल. पुढच्या प्रकरणांत ज्या अभ्यासांचा तपशील येईल, त्यांतील प्रत्येकाने ही कुलपे कशी सांभाळली, हेही वाचकाने निष्कर्षांइतकेच बारकाईने पाहावे.